घर कोठे बांधावे? : ठळकवाडी, वडगाव आणि शाळेची वाट

गेल्या उन्हाळ्यात आमच्या नात्यातील एका तरुण जोडप्याबरोबर आम्ही चार-पाच रविवार वडगावात हिंडलो. नवरा उद्यमबागेतील एका फौंड्रीत नोकरीला, बायको शिकवण्या घेणारी, मुलगी पहिलीच्या उंबरठ्यावर. टिळकवाडीत भाड्याने राहून दोघे कंटाळली होती आणि टिळकवाडीत स्वतःचे घर घेणे त्यांना या जन्मी शक्य नव्हते. वडगावात, येळ्ळूर रस्त्याच्या अंगाला, नवी घरे त्यांच्या आवाक्यात होती. प्रत्येक घरासमोर उभे राहून दोघे तेच तीन प्रश्न विचारीत. पाणी किती दिवसांनी येते? कागद साफ आहेत का? शाळा कोणती जवळ पडते?

इतिहासाची सवय लागलेल्या माणसाला असे प्रश्न एकदा ऐकून सोडवत नाहीत. शंभर वर्षांपूर्वी बेळगावच्या वेशीबाहेर घर बांधणाऱ्यांनीही हेच विचारले असेल का, असे आमच्या मनात आले. आणि मग वडगावचा विचार ठळकवाडीपासून सुरू करणे भाग पडले.

टिळकवाडी हे नाव आज सर्वांच्या तोंडी आहे. जुने नाव ठळकवाडी. ते एका हायस्कूलच्या पाटीवर अद्याप टिकून आहे. १८३२ साली छावणी वसली तेव्हापासून बेळगावात कॅम्प आणि शहर अशी दोन वेगळी जगे होती. कॅम्पात बंगले, मोकळी आवारे आणि १८५६ पासून सेंट पॉल्ससारखी शाळा. शहरात अरुंद गल्ल्या आणि भिंतीला भिंत लागून घरे. १८९६ साली मुंबईत शिरलेला प्लेग पुढे दक्षिणेकडे पसरला तेव्हा गावोगावची माणसे घरे सोडून माळावर झोपड्यांत राहू लागली. मोकळ्या हवेचे महत्त्व आपल्या मध्यमवर्गाला पुस्तकांनी शिकवले त्याहून अधिक या साथीने शिकवले, असे आम्हांस वाटते. मुंबईत १८९८ साली इम्प्रुव्हमेंट ट्रस्ट निघाला आणि पुढे दादर-माटुंग्याच्या वसाहती उभ्या राहिल्या, त्याच्या मुळाशीही तो प्लेगच होता. बेळगावात असा ट्रस्ट निघाला नाही, परंतु वकील, शिक्षक, कारकून यांची पावले रेल्वेमार्गालगतच्या उंचवट्याकडे वळली.

टिळकांनी आपल्या होमरूल लीगची स्थापना एप्रिल १९१६ मध्ये बेळगावात केली. १९२४ च्या डिसेंबरात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली भरलेले काँग्रेसचे अधिवेशन टिळकवाडीच्याच माळावर झाले. गांधीजींनी अध्यक्षपद भूषवलेले ते एकमेव अधिवेशन, हे वाचकांस ठाऊक आहेच. आमचे लक्ष मात्र विहिरीकडे जाते. प्रतिनिधींच्या पाण्यासाठी खोदलेली ती काँग्रेस विहीर अधिवेशनाचे मांडव उतरल्यावरही उपनगराच्या कामी आली. पाण्यापाठोपाठ शाळा आल्या. १९४५ साली राणी पार्वतीदेवी महाविद्यालय सुरू झाले. पु. ल. देशपांडे यांनी काही काळ तेथे अध्यापन केले आणि इंदिरा संत यांचे दीर्घ वास्तव्य याच बेळगावात झाले. प्राध्यापक आणि विद्यार्थी एकाच रस्त्याने चालत जात. घरापासून वर्गापर्यंत रेल्वेच्या एखाद्या गेटापलीकडे अडथळा नसे. टिळकवाडीत घर आणि शाळा एकत्र वाढली, ही या उपनगराची खरी श्रीमंती. आज तेथील जागेला जो भाव आहे त्यात त्या श्रीमंतीची किंमत मिसळलेली आहे.

वडगावचे तसे नव्हते. हे उपनगर म्हणून वसलेलेच नाही. ते मुळात गाव आहे. आषाढात भरणारी मंगाई देवीची यात्रा आजही त्याची साक्ष देते. त्या दिवशी शहरभरातून माणसे येतात, आणि एरवी कोणत्या प्रभागात राहतो ते न आठवणारा वडगावकर त्या दिवशी स्वतःला गावकरी म्हणवतो. शेजारचे शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होते. तेथील पेठ, सराफी आणि शहापुरी साडी यांचा लौकिक होता. चिंतामणराव हायस्कूल संस्थानाधिपतींचे नाव अजून मिरवते. शहापूर, खासबाग, वडगाव ही मागांची वस्ती. मराठी, कन्नड, तेलुगू अशा तिन्ही भाषा बोलणारी विणकर घरे एकाच गल्लीत नांदली.

विणकराच्या घराचा एक विशेष येथे नोंदवला पाहिजे. टिळकवाडीचा बंगला हा कामावरून परतून विसावण्याची जागा. वडगावचे घर हीच कामाची जागा. पुढच्या खोलीत खड्डामाग, नंतर यंत्रमाग, आणि मागे चूल. अशा घराची निवड करताना मागाला उजेड किती, सूत कोठे उतरवणार, ओल किती, हे आधी पाहिले जाई. शाळा लांब असली तरी चाले, कारण मुलाचा पहिला वर्ग मागाच्या शेजारीच भरत असे. यात गौरव करण्यासारखे सगळेच होते असे नाही. कांड्या भरण्याच्या कामात किती मुलींची शाळा सुटली, याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

मग या गावाचे स्वस्त घरांचे उपनगर कसे झाले? उत्तर शिवारात आहे. वडगाव, शहापूर, अनगोळ, येळ्ळूर येथील काळ्या जमिनीत बेळगाव बासमती पिके. भात निघाल्यावर त्याच ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा घेतला जाई. शहर वाढले, वाटण्या होऊन शेते तुकड्यांनी लहान झाली आणि माग मंदावले, तेव्हा एकराचा भाव राहिला नाही, गुंठ्याचा भाव आला. एक गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद, १०८९ चौरस फूट. कामगाराच्या, शिपायाच्या, लहान दुकानदाराच्या घराला तेवढे पुरते.

स्वस्ताईची दुसरी बाजू कागदांत होती. कर्नाटकच्या १९६१ च्या जमीन सुधारणा कायद्यानुसार शेतकरी नसलेल्या माणसास शेतजमीन घेण्यास दीर्घकाळ बंदी होती; ते निर्बंध २०२० साली उठले. १९६४ च्या महसूल कायद्यानुसार शेतात घर बांधावयाचे तर जमीन आधी बिनशेती करून घ्यावी लागते. हा खर्च आणि हेलपाटे टाळून कित्येक गुंठे साध्या मुद्रांक कागदावर हातोहात विकले गेले. घर उभे राही, वीजही येई, पण उताऱ्यावर नाव मूळ मालकाचेच. बँक कर्ज देत नाही ते यामुळे. १९८७ च्या कायद्यानंतर नगरविकास प्राधिकरणाने, म्हणजे आपल्या ‘बुडा’ने, रीतसर वसाहती आखल्या, परंतु आखलेल्या प्लॉटला लागणारा पैसा आणि धीर दोन्ही ज्यांच्याजवळ नव्हते ती माणसे गुंठ्याकडेच वळत राहिली. त्यांना बेकायदेशीर म्हणून मोकळे होणे सोपे आहे. ज्या शहराने आपल्या कामगारांसाठी परवडणारी जागा वेळेत आखली नाही, त्या शहराला तो अधिकार किती, याविषयी आम्हांस शंका आहे.

पाण्याचेही दोन अर्थ आहेत. राकसकोप आणि हिडकलचे पाणी नळाला किती दिवसांनी येते हा एक. २००८ साली शहराच्या काही प्रभागांत चोवीस तास पाणी सुरू झाले, तेव्हापासून घर पाहणारा माणूस प्रभाग विचारू लागला. दुसरे पाणी बळ्ळारी नाल्याचे. पावसाळ्यात तो फुगला की शिवारात पसरतो. जुना शेतकरी कोणत्या बांधापर्यंत पाणी चढते ते बोटाने दाखवतो. प्लॉट विकणारा ते दाखवीत नाही. आमच्या जोडप्याला एक घर पसंत पडले होते. शेजारच्या आजींनी भिंतीवर हात ठेवून २०१९ च्या ऑगस्टमधील पाण्याची खूण दाखवली आणि तो व्यवहार तेथेच थांबला.

राहता राहिला शाळेचा प्रश्न. सीमाभागात तो केवळ अंतराचा नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५० क हे कलम आले आणि भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करणे राज्यांवर सोपवले गेले. या आधारावर वडगाव-शहापुरात मराठी शाळा आणि कन्नड शाळा जवळजवळ चालत राहिल्या. १९८६ साली कन्नडसक्तीविरुद्ध आंदोलन झाले, गोळीबार झाला. हिंडलग्याचे स्मारक त्याची आठवण ठेवून आहे. १९९४ साली राज्य सरकारने पहिली ते चौथीचे माध्यम मातृभाषा किंवा कन्नडच असावे असा आदेश काढला. खासगी विनाअनुदानित शाळांपुरता तो उच्च न्यायालयाने २००८ मध्ये रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०१४ रोजी तो निकाल कायम केला. माध्यम निवडण्याचा अधिकार पालकांचा, असे न्यायालयाने म्हटले.

या निकालाकडे आम्ही सीमाभागातील माणसे दुहेरी नजरेने पाहतो. ज्या तत्त्वाने आमच्या मुलांवर दुसरी भाषा लादण्यास मर्यादा येते, त्याच तत्त्वाने आमच्याच शाळांचे वर्ग रिकामे होतात. पालकाने निवड केली ती इंग्रजीची. मराठीची नाही आणि कन्नडचीही नाही. शिक्षणहक्क कायद्याखाली काही काळ गरीब घरच्या मुलांना जवळच्या खासगी शाळेत राखीव जागा मिळत, तेव्हा घराचा प्रभाग हाच प्रवेशाचा दाखला होता. २०१९ पासून, जवळ सरकारी वा अनुदानित शाळा असेल तेथे, ती वाटही कर्नाटकात बंद झाली. म्हणजे वडगावातील मराठी शाळा जवळ असणे हे त्या गल्लीतील गरीब पालकाच्या दृष्टीने एका परीने नुकसानीचे ठरले! इतका विपरीत न्याय आमच्या पाहण्यात दुसरा नाही.

अखेर त्या जोडप्याने येळ्ळूर रस्त्याजवळ, उंचवट्यावर, बिनशेती झालेल्या जागेतील दोन खोल्यांचे घर घेतले. गच्चीवरून दक्षिणेला राजहंसगड दिसतो आणि मध्ये अजून थोडे भाताचे शिवार आहे. घरापासून चालत सात मिनिटांवर मराठी शाळा आहे: कौलारू, प्रशस्त अंगण, दोन मोठी झाडे. बायकोचे मत मुलीला तेथेच घालावे असे होते, नवऱ्याचे इंग्रजी शाळेत. आम्हांला विचारले तेव्हा आम्ही मराठी शाळेच्या बाजूने बोललो. आमची स्वतःची मुले कोणत्या माध्यमात शिकली हे तिने शांतपणे विचारले, आणि आम्हांला उत्तर द्यावे लागले.

जूनमध्ये आम्ही पुन्हा गेलो तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. गल्लीच्या तोंडाशी शाळेची पिवळी व्हॅन उभी होती. शेजारच्या घरात दोन यंत्रमाग चालू होते. मुलगी व्हॅनमध्ये चढली. मराठी शाळेची घंटा त्यानंतर झाली, आणि ती मागांच्या आवाजातूनही स्पष्ट ऐकू आली.