अर्धवट अपग्रेडवरचे उपाय

ऑपरेटिंग सिस्टीम बदलत असताना संगणक मध्येच बंद पडला, तर तो धड जुना राहत नाही आणि धड नवाही होत नाही. पूर्वी नवी फाइल जुनीच्याच जागी लिहिली जाई. त्यामुळे काम अर्ध्यावर तुटले की परतीची वाट आधीच पुसली गेलेली असे.

२४ ऑगस्ट १९९५ रोजी बाजारात आलेली विंडोज ९५ सीडीवर मिळे, तशीच १३ फ्लॉप्यांच्या संचातही. मधलीच एखादी फ्लॉपी खराब निघाली की काम तिथेच अडे. पण खरी धास्ती होती हार्डवेअर ओळखण्याच्या टप्प्याची. नाना कंपन्यांची साउंड कार्डे आणि नेटवर्क कार्डे चाचपताना संगणक गोठण्याचा संभव असे. त्यावर सेटअपने काढलेला तोडगा नामी होता. कोणता भाग तपासला जात आहे, हे ‘डीटक्रॅश.लॉग’ नावाच्या फायलीत लिहून ठेवले जाई. संगणक गोठलाच, तर कंट्रोल-ऑल्ट-डिलीट न दाबता सरळ वीज बंद करून पुन्हा चालू करावी, अशी सूचना असे. दुसऱ्या खेपेस सेटअप ती नोंद वाचून घातक चाचणी वगळी आणि पुढे सरके. आधी नोंद, मग कृती हा नियम डेटाबेस बनवणाऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होता. घरगुती संगणकात तो असा आला.

एवढे करूनही संगणक सुरू झाला नाही, तर मदार बूट फ्लॉपीवर. २००० साली विंडोज २००० बरोबर रिकव्हरी कन्सोल आला आणि बूट सेक्टर सीडीवरून दुरुस्त करता येऊ लागला. मात्र आज्ञा हाताने टाइप कराव्या लागत, म्हणजे दुरुस्ती जाणकाराचीच राहिली. त्याच दशकात महाराष्ट्रात भारनियमन जोरात होते. यूपीएस नसलेल्या संगणकावर असले काम काढणे हे धाडसच होते.

लिनक्सच्या डेबियन शाखेने वेगळी वाट धरली. तिथला डीपीकेजी हा प्रोग्राम प्रत्येक पॅकेज कोणत्या अवस्थेत आहे, याची नोंद ठेवतो: उलगडलेले, अर्धवट जुळवलेले, पूर्ण बसवलेले. नवी फाइल आधी वेगळ्या नावाने लिहिली जाते आणि पूर्ण झाल्यावरच जुनीची जागा घेते. वीज गेली तरी उरलेली जुळणी एका आज्ञेने पुरी करता येते. उबुंटूच्या रिकव्हरी मेनूत तर त्यासाठी स्वतंत्र पर्यायच आहे.

२००७ साली विक्रीला आलेल्या विंडोज व्हिस्टाने दुरुस्तीची साधने डीव्हीडीवर एकत्र आणली आणि फसलेले अपग्रेड आपोआप मागे फिरवण्याची सोय केली. तरी फेब्रुवारी २००८ मध्ये, पहिल्या सर्व्हिस पॅकच्या पूर्वतयारीच्या एका अपडेटमुळे काही संगणक तिसऱ्या टप्प्यावर अडकून पुन्हापुन्हा रीस्टार्ट होऊ लागले. मायक्रोसॉफ्टला त्याचे आपोआप वितरण थांबवावे लागले.

यापेक्षा खात्रीचा उपाय म्हणजे चालू प्रणालीला हातच न लावणे. २०११ पासून विकल्या जाणाऱ्या क्रोमबुकांत प्रणालीच्या दोन जागा असतात. नवी आवृत्ती रिकाम्या जागेत उतरते. ती सुरू झाली नाही, तर यंत्र आपण होऊन जुनीकडे परतते. २०१६ मध्ये अँड्रॉइड ७ ने हीच पद्धत फोनवर आणली. विंडोज १० ने जुनी प्रणाली आधी ३० दिवस जपली, पुढे १०च. डिस्कवरची जागा अडते, हेच या सोयीचे मोल.

आता दुरुस्ती अडते ती बहुधा कुलपापाशी. बिटलॉकरने डिस्क कूटबद्ध असेल, तर बूटची दुरुस्ती करताना ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन केलेल्या अनेक संगणकांवर हे कुलूप आपोआप लागते आणि किल्लीची प्रत त्याच खात्यात ठेवली जाते. ती तिथे आहे ना, हे अपग्रेड सुरू करण्याआधी दुसऱ्या यंत्रावरून पाहून घ्यावे.