कोयीतून निघालेला हेडन

आंबे संपत आले की घरोघरच्या कोया उकिरड्यावर जातात. कुणी लावायला घेतली की, "कोयीला तीच जात येत नाही," असं सांगून मोडता घालतात. खरंय ते. कोयीत दुसऱ्या झाडाचा परागही असतो, त्यामुळं हापूसच्या कोयीतून हापूस निघेलच असं नाही. पण कधी कधी त्यातच नशीब उघडतं.

१८८९ साली आपल्या देशातून मुलगोबाची कलमं अमेरिकेत फ्लोरिडाला गेली. चव भारी, पण झाड धरायला लहरी. त्याच्या कोया १९०२ साली कॅप्टन जॉन हेडन या निवृत्त फौजी माणसानं कोकोनट ग्रोव्हला लावल्या. पहिलं फळ धरलं १९१० साली. तोवर कॅप्टन वारला होता, झाडं त्याच्या बायकोनं सांभाळली. त्यातलं एक निघालं लालबुंद फळाचं. तोच हेडन आंबा. आज परदेशातल्या दुकानांत दिसणारा टॉमी अ‍ॅटकिन्स हेडनच्याच वंशातला. रेषाळ आहे, पण जहाजाच्या प्रवासात टिकतो म्हणून चालला.

आपला हापूसही आधी कोयीतूनच उगवला असणार. पोर्तुगीजांच्या काळात गोव्यात कलमं बांधली गेली, म्हणून टिकला.

आमच्या बांधावरचा एक जुना रायवळ रस्त्यात जाणार आहे. तसलं दुसरं झाड नाही. या पावसाळ्यात त्याच्या काड्या कोयीच्या रोपांवर बांधतोय. तुम्हीही कोया ओल्या असतानाच लावा, वाळल्या की उगवत नाहीत.