पोट आणि मन : दुहेरी नाते

भीतीने ‘पोटात गोळा येतो’, दुःखद वार्तेने ‘पोटात कालवते’. या वाक्प्रचारांत शरीरशास्त्रीय सत्यही दडलेले आहे.

१८२२ मध्ये अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाच्या पोटात बंदुकीचा बार शिरला. तो बचावला, मात्र जठरापर्यंतचे छिद्र कायम राहिले. लष्करी शल्यचिकित्सक विल्यम बोमाँट यांनी त्यातून पचनक्रियेचे निरीक्षण केले. राग व भीती यांचा जठरावर परिणाम होतो, हे त्यांनी १८३३ च्या ग्रंथात नोंदविले.

पचनमार्गाच्या भित्तीत दहा कोटींहून अधिक चेतापेशी असतात. हे जाळे आतड्यांची हालचाल बऱ्याच अंशी स्वतंत्रपणे चालविते. व्हेगस ही चेता त्याला मेंदूशी जोडते. तिचे बहुसंख्य तंतू निरोप नेतात ते मेंदूकडे. ताण वाढला, की जठर रिकामे होण्यास विलंब होतो आणि मोठ्या आतड्याची हालचाल वाढते. परीक्षेपूर्वी शौचास धावावे लागते, ते यामुळेच.

या संवादात आतड्यांतील जीवाणूही सहभागी असतात. जपानच्या क्युशू विद्यापीठातील संशोधकांनी २००४ मध्ये दाखविले, की जीवाणूविरहित वाढविलेल्या उंदरांत ताणाला मिळणारा संप्रेरकांचा प्रतिसाद अधिक तीव्र असतो. तथापि, उंदरांवरील निष्कर्ष माणसांना जसेच्या तसे लागू होत नाहीत. शरीरातील सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यांत तयार होते हे खरे. परंतु ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. म्हणून दही-ताक आहारात हितकर असले, तरी ते नैराश्यावरील औषध नव्हे.

या ज्ञानाचे खरे मोल ‘इरिटेबल बॉवेल सिंड्रोम’च्या रुग्णांना आहे. पोटदुखी, अतिसार वा बद्धकोष्ठ असूनही तपासण्या निर्दोष येतात आणि ‘हे मनाचे खेळ’ असे त्यांना ऐकावे लागते. वस्तुतः वेदना खरी असते. बिघाड असतो तो मेंदू आणि आतडे यांच्यातील संवादात. म्हणूनच आहारातील बदल व औषधे यांच्या जोडीला मानसोपचारही उपयुक्त ठरतात. मानसोपचार सुचविला, म्हणजे आजार काल्पनिक ठरत नाही.

मात्र शौचातून रक्त जाणे, अकारण वजन घटणे, रक्तक्षय किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेला त्रास यांचे खापर ताणावर फोडू नये. अशा वेळी वैद्यकीय तपासणी विनाविलंब करून घ्यावी.