आजोबांचे पक्षी, नातवाचा चंडोल

मागच्या व्याख्यानात आपण चार्ल्स डार्विनपाशी थांबलो होतो. आज त्यांच्या नातवाकडे वळू या. बर्नार्ड डार्विन (जन्म १८७६) वकिली सोडून 'टाइम्स'मध्ये गोल्फवर लिहू लागले. १९१० साली ब्रिटनमधल्या गोल्फ मैदानांवर त्यांचं पुस्तक आलं. त्यात केंटच्या किनाऱ्यावरच्या सँडविचबद्दल लिहिताना त्यांनी चंडोलांचं गाणंही टिपलं आहे. चंडोल जमिनीवर, गवतात घरटं करतो. मैदानाच्या कडेचं न कापलेलं गवत त्याला मानवतं.

आजोबांनी पक्ष्यांच्या चोचींना प्रश्न विचारले, नातवाने खेळता खेळता नुसतं ऐकलं. मग ज्ञान कोणतं? आम्ही म्हणतो, दोन्ही. आज ब्रिटनमध्ये चंडोल इतका घटलाय, की त्याचं नाव लाल यादीत आहे. काय हरवतंय, हे आकडे सांगतील; पण ते हरवू नये असं वाटायला आधी कुणीतरी आनंदाने ऐकलेलं असावं लागतं.