डर्वेंटचा मनोरा

माझा एक पुतण्या शेफिल्डला नोकरीला आहे. मागल्या दिवाळीला आला तेव्हा बॅगेतून दोन जुने फोटो काढून त्यानं माझ्या हातात ठेवले. तिथल्या जुन्या बाजारात मिळाले म्हणाला. दोन्ही काळेपांढरे, कडा पिवळ्या पडलेल्या. एकात खेड्यातलं दगडी चर्च, पुढं थडगी, मागं डोंगर. दुसऱ्यात नुसतं पाणी, आणि पाण्याच्या मधोमध निमुळत्या टोकाचा एक मनोरा. मी म्हटलं, "ही दोन वेगळी ठिकाणं ना रे?" तर म्हणतो, "काकू, ठिकाण एकच. मनोराही तोच."

त्या गावाचं नाव डर्वेंट. इंग्लंडच्या डर्बीशर परगण्यातलं, त्याच नावाच्या नदीकाठचं लहानसं खेडं. चर्च म्हणजे त्या गावाची इगर्ज, गोव्याकडं म्हणतात तशी. अशा चर्चला नुसतं प्रार्थनेचं घर समजून चालत नाही. कोण जन्मलं, कुणाचं कुणाशी लग्न लागलं, कोण कधी गेलं, ही सगळी नोंद तिथल्या वह्यांत. आमच्याकडं हे काम कुलकर्ण्यांच्या दप्तरात, भटजींच्या पंचांगात आणि म्हाताऱ्या बायकांच्या डोक्यात वाटलेलं असायचं. तिथं एकाच छपराखाली.

आता पाण्याचं. शेफिल्ड, डर्बी, नॉटिंगहॅम, लेस्टर ही कारखान्यांची शहरं एकोणिसाव्या शतकात फुगत गेली आणि त्यांना पाणी पुरेना. 1899 साली कायदा होऊन डर्वेंट खोऱ्यासाठी एक पाणी मंडळ नेमलं गेलं. 1901 ते 1916 या काळात गावाच्या वरच्या अंगाला दोन दगडी धरणं झाली, हाऊडन आणि डर्वेंट. गाव तेवढ्यात वाचलं. पण शहरांची तहान काही भागली नाही, आणि 1935 मध्ये गावाच्या खालच्या अंगाला तिसरं, मातीच्या भरावाचं धरण सुरू झालं. त्याचं नाव लेडीबॉवर. या धरणाच्या पोटात डर्वेंट आणि शेजारचं ॲशप्टन अशी दोन गावं गेली.

गाव उठवणं म्हणजे काय काय उचलावं लागतं, याची यादी वाचताना मी थांबत थांबत वाचली. माणसांसाठी खाली यॉर्कशर ब्रिजपाशी नवी घरं बांधली. चर्चच्या आवारातली प्रेतं उकरून काढली आणि जवळच्या बॅमफर्डच्या दफनभूमीत पुन्हा पुरली. घंटा उतरवून डर्बीजवळच्या चॅडस्डन इथल्या सेंट फिलिप चर्चला दिली. नदीवरचा जुना पूल होता, ओझ्याची तट्टं जायची असा अरुंद, दगडी कमानींचा. त्याचा एकेक दगड नंबर घालून सोडवला आणि पुढं 1959 मध्ये हाऊडनच्या वर, स्लिपरी स्टोन्स नावाच्या जागी पुन्हा जोडला. शेवटची प्रार्थना 17 मार्च 1943 ला झाली. मग चर्च पाडलं. मनोरा तेवढा ठेवला, गावाची आठवण म्हणून.

त्याच वसंतातली आणखी एक गोष्ट. इथं पाणी साठवायची घाई चाललेली, आणि याच खोऱ्यातल्या वरच्या डर्वेंट धरणावरून ब्रिटिश हवाई दलाची 617वी तुकडी अगदी खालून विमानं नेण्याचा सराव करत होती. कशासाठी, तर जर्मनीतली धरणं फोडायला. 16 मेच्या रात्री ती विमानं गेली, आणि फुटलेल्या धरणांच्या खाली शेकडो माणसं बुडाली. त्या सरावावर तिकडं सिनेमा निघाला, खोऱ्यात आजही लोक ते सांगतात. उठलेल्या गावाबद्दल त्या मानानं कमी बोलतात.

धरण भरत गेलं. 25 सप्टेंबर 1945 ला राजे सहावे जॉर्ज येऊन उद्घाटन करून गेले. दुसरा फोटो या सुमाराचा, म्हणजे मनोऱ्याच्या शेवटच्या तीनचार वर्षांतला. कारण तो मनोराही राहिला नाही. पाणी उतरलं की माणसं त्याच्याजवळ जायची, पाणी चढलं की पोहत जायची. धोका नको म्हणून 15 डिसेंबर 1947 ला सुरुंग लावून तो उडवला. आठवण म्हणून ठेवलेली वस्तू पुरती पाच वर्षंही टिकली नाही.

आणि इथंच मला या फोटोचा राग येतो, आणि कौतुकही वाटतं. चर्च तिथं पिढ्यान्‌पिढ्या होतं. पाण्यातला एकटा मनोरा चारच वर्षं होता. पण लोकांच्या डोक्यात बसला तो मनोराच. 1976, 1995, 2018 अशा कोरड्या वर्षी लेडीबॉवरचं पाणी खोल गेलं, तेव्हा माणसांच्या झुंडी आल्या. त्यांना दिसले जुन्या वाड्याचे नि चर्चचे दगडमातीचे ढीग, आणि चिखल. "मनोरा कुठं आहे?" असं अजूनही विचारतात म्हणे. बुडालेल्या गावात रात्री घंटा वाजते, ही जगभरची गोष्ट इथंही सांगतात. अहो, घंटा चॅडस्डनला आहे! पण फोटोत मनोरा दिसतो ना, मग त्यात घंटाही असणारच, असं मन धरून चालतं. पहिला फोटो, ज्यात लोक नांदत होते, तो कुणी फ्रेम करून लावत नाही. तो कुठल्याही खेड्याचा वाटतो. मलाही आधी तसाच वाटला होता.

आमच्या बेळगावकडं घटप्रभेवर हिडकलचं धरण आहे. त्याच्या पाण्यात हुन्नूरचं विठ्ठलाचं देऊळ गेलेलं आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की ते वर येतं, मग गर्दी होते, मोबाइलवर फोटो फिरतात. माझ्या आत्याचं सासरचं घर त्याच पाण्याखाली. त्या घराचा एकही फोटो नाही. न्हाणीघर कुठल्या बाजूला होतं यावर आत्या आणि तिची धाकटी जाऊ अजून भांडतात, आणि निकाल लावायला घरात कागदाचा तुकडा नाही.

पुतण्याचे दोन्ही फोटो मी आत्याला नेऊन दाखवले. नव्वदीच्या घरातली बाई, चष्मा पुसून पुसून बघत बसली. पाण्यातला मनोरा तिनं लगेच बाजूला ठेवला. पहिला फोटो उचलला, आणि थडग्यांवर बोट ठेवून म्हणाली, "हेनला कुठं नेलं गं?" मी बॅमफर्डचं सांगितलं. "सगळ्यास्नी?" म्हटलं, हो, नेलं म्हणे. मग तिनं चर्चच्या भिंतीकडं, झाडांकडं, एकेका दगडाकडं नख फिरवत पाहिलं. "दार कुठल्या बाजूला हुतं, दिसतंय का बघ तुला," असं म्हणून तिनं फोटो माझ्याकडं दिला.

मी खिडकीशी नेऊन उजेडात धरला. दार फोटोत आलेलं नाही.