सतराशे पंचाहत्तरातला वीकांत

लाँग वीकेंडला कुठे जायचं यावरून आमच्या घरी दरवर्षी वाद होतो. बायकोला समुद्र हवा असतो, लेकीला रोलर कोस्टर, आणि मला काहीतरी जुनं, पडकं. ह्या जुलैत तडजोड झाली ती व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्गवर. तासाभरावर समुद्र, पंधरा मिनिटांवर रोलर कोस्टर आणि मधे अख्खं अठराव्या शतकातलं गाव! न्यू जर्सीहून सहा तासांचा रस्ता आय-९५ च्या कृपेने साडेआठ तासांचा झाला, पण असो.

गाडी लांब लावून चालत आत शिरलो, तर ड्यूक ऑफ ग्लॉस्टर स्ट्रीटवर घोडागाडी चाललेली. भर उन्हात कोट, गुडघ्यापर्यंत विजार, मोजे घातलेले बाप्ये आणि पायघोळ झग्यातल्या बायका. कुणी लोहार, कुणी छापखान्यातला, कुणी टोप (डोक्यावरचे, केसांचे) बनवणारा. रस्त्यावर फिरायला पैसे नाहीत, घरात-दुकानांत शिरायला तिकीट. ते मुकाट्याने काढलं.

मंडळी, आधी थोडा इतिहास. १६९९ पासून १७८० पर्यंत हे गाव व्हर्जिनिया वसाहतीची राजधानी होतं. मग राजधानी रिचमंडला गेली आणि हे मागे पडलं, इतकं की १९२० च्या सुमारास मुख्य रस्त्यावर पेट्रोलपंप आणि तारांचे खांब उभे होते. तिथल्या ब्रूटन पॅरिश चर्चचे धर्मगुरू गुडविन ह्यांच्या डोक्यात हे सगळं पूर्वीसारखं करायचं वेड शिरलं. १९२६ साली त्यांनी धाकट्या जॉन डी. रॉकफेलरला पटवलं. झालं! नंतरच्या काळातल्या शेकडो इमारती पाडल्या, ८८ मूळ वास्तू दुरुस्त केल्या आणि बाकीच्या पाया खणून पुन्हा उभारल्या. आमच्या भाषेत सिस्टिम रिस्टोर.

गव्हर्नरचा वाडा १७८१ साली जळाला होता. १९२९ मध्ये ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात त्याचं चित्र कोरलेला तांब्याचा पत्रा सापडला, जेफरसनने स्वतः काढलेला नकाशा हाताशी होताच. त्यावरून वाडा परत बांधला. पण खरी गंमत कॅपिटलची. पहिलं कॅपिटल १७०५ चं, ते १७४७ ला जळलं. दुसरं १७५३ ला झालं, आणि क्रांतीच्या सगळ्या घडामोडी झाल्या त्या ह्या दुसऱ्यात. आज तिथे उभं आहे ते मात्र पहिलं! कारण त्याची कागदपत्रं जास्त चांगली होती आणि ते दिसायलाही देखणं होतं. म्हणजे गाव १७७५ चं, कॅपिटल १७०५ चं. आमच्याकडे असं झालं असतं तर टेस्टिंगवाल्यांनी रात्रभर झोपू दिलं नसतं.

इथली माणसं दोन प्रकारची. एक, जी नाटकातल्यासारखी त्या काळातली होऊन बोलतात. त्यांना मोबाईल दाखवला तर 'हे काय?' म्हणतात. दुसरे कारागीर, ते आजच्याच भाषेत समजावून सांगतात, पण काम खरंच करतात. लोहार खरे खिळे ठोकतो. शिकाऊ म्हणून लागला की तयार कारागीर व्हायला काही वर्षं जातात. विटांच्या भट्टीपाशी पोरांना चिखल तुडवायला सोडलं होतं. आमचं कन्यारत्न गुडघ्याएवढ्या चिखलात, आणि तिची आई टिश्यू शोधतेय!

कपड्यांच्या दुकानात एक धक्का बसला. पुरुषांचा घरात घालायचा सैल झगा दाखवून तिथली बाई म्हणाली, "हा बन्यन." म्हटलं, काय?! तर हा शब्द हिंदुस्थानातल्या वाण्यांवरून आला, आणि आपलं बनियनही त्याच घराण्यातलं. शेजारी छापील छीटही होतं, त्या काळी लंडनमार्गे हिंदुस्थानातून येई तसं. इतक्या लांब येऊन आपलंच कापड बघत बसलो.

इथपर्यंत सगळं मजेत चाललं होतं.

दुपारी एका मोठ्या घरामागच्या स्वयंपाकघरात शिरलो. चुलीपाशी एक काळी बाई मडक्यात काही ढवळत होती. ती त्या घरातली गुलाम, म्हणजे तिची भूमिका ती. लेक बराच वेळ बघत राहिली आणि तिने सरळ विचारलं, "तुम्ही पळून का जात नाही?"

बाईने ढवळणं थांबवलं नाही. म्हणाली, "माझी धाकटी यॉर्कटाउनला दुसऱ्या मालकाकडे आहे. मी पळाले तर तिला कुठे विकतील ते मला कळणारसुद्धा नाही."

स्वयंपाकघर चिडीचूप.

मागाहून वाटलं, हा प्रश्न पोरकट नव्हताच. नोव्हेंबर १७७५ मध्ये गव्हर्नर लॉर्ड डन्मोरने जाहीर केलं होतं की बंडखोरांच्या गुलामांनी येऊन राजाच्या बाजूने लढावं, त्यांना मुक्त करू. कित्येक जण पळाले, आणि त्यातले फार देवीने मेले. पळायचं की नाही, हा त्या साली गावातल्या निम्म्या लोकांचा प्रश्न होता. हो, निम्म्या! तेव्हा इथली निम्म्याहून थोडी अधिक वस्ती काळ्यांची होती.

आणि तरी पहिली कित्येक वर्षं ही निम्मी वस्ती ह्या देखाव्यात जवळजवळ नव्हतीच. गुलामांच्या भूमिका करणारे काळे कलाकार आले १९७९ मध्ये. १९९४ च्या ऑक्टोबरात गुलामांच्या लिलावाचा प्रयोग केला तेव्हा केवढा गदारोळ झाला! आमच्या वेदनेचा तमाशा करता, म्हणून नागरी हक्क संघटनांनी विरोध केला. प्रयोग बघून विरोधकांपैकी एकाने जाहीरपणे मत बदललं. प्रयोग बसवणारे कर्मचारीही काळेच होते, हे विशेष.

त्याहून चटका लावणारी गोष्ट नॅसॉ स्ट्रीटवरची. काळ्यांच्या फर्स्ट बॅप्टिस्ट मंडळीची सुरुवात १७७६ ची. त्यांची १८५६ ची चर्चची इमारत ह्याच संस्थेने विकत घेऊन पाडली, आणि पुढे त्या जागी वाहनतळ केला. इतिहास जपणाऱ्यांनीच! २०२० साली तिथे उत्खनन सुरू झालं. डांबराखाली जुन्या चर्चचा पाया निघाला आणि साठाहून अधिक कबरी.

संध्याकाळी ती स्वयंपाकघरातली बाई दारात भेटली, आता भूमिकेबाहेर. मी विचारलं, "रोज असे प्रश्न ऐकून त्रास होत नाही?" हसून म्हणाली, "मुलांचे प्रश्न सोपे असतात हो. मोठी माणसं येऊन विचारतात, पण मालक चांगला होता ना?"

मी गप्प बसलो. कारण दुपारी माझ्या ओठावर नेमका तोच प्रश्न आला होता.

दुसऱ्या दिवशी जवळच यॉर्कटाउनला गेलो. १७८१ ला इथे कॉर्नवॉलिसने शरणागती पत्करली. तोच पुढे १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन आपल्याकडे आला आणि १७९२ ला श्रीरंगपट्टणला हरिपंत फडक्यांच्या सोबतीने टिपूविरुद्ध उभा राहिला. बायको म्हणाली, "इथे हरला आणि तिकडे बढती? तुमच्याच ऑफिसात असणार!"

परतीच्या वाटेवर मात्र डोक्यात शनिवारवाडा होता. १८२८ ला जळाला, आता तट, दरवाजे आणि जोती तेवढी उरली. कुणीतरी तो परत बांधावा, सगळं पुणं १७७५ चं करावं, असं लहानपणापासून माझं स्वप्न आहे. रघुनाथराव सुरतेत इंग्रजांशी तह करतोय, सवाई माधवराव अजून वर्षाचाही नाही. कारकून, शिलेदार, हलवाई, सगळे वेषात. बघायला काय मजा येईल!

पण त्या पुण्यात कुणबिणीही होत्या. पेशवाईच्या कागदांत त्यांच्या खरेदीच्या किमती लिहिलेल्या आहेत. तिचं काम आपल्याकडे कुणाला देणार? आणि ती चुलीपाशी बसलेली असताना माझ्या लेकीने तोच प्रश्न विचारला, तर मी तिथे थांबून उत्तर ऐकेन की "चल, उशीर होतोय" म्हणून तिचा हात ओढेन?

लेक मागच्या सीटवर झोपली होती. नखांत अजून विटांचा चिखल होता.