मांडवामागची मंडळी : एका अभ्यासविषयाची प्रस्तावना

मराठी साहित्य संमेलनांचा इतिहास आपल्याकडे अध्यक्षीय भाषणांतून लिहिला गेला. ती भाषणं छापली जातात, त्यांचे संग्रह निघतात, एम.ए.च्या परीक्षेला त्यांवर टिपा येतात. स्वागताध्यक्षांचं भाषण स्मरणिकेच्या पहिल्या पानांवर येतं आणि तिथेच राहतं. त्याच्याही मागे ‘मार्गदर्शक’, ‘सल्लागार’, ‘निमंत्रक’ अशा मथळ्यांखाली पंचवीस-तीस नावं बारीक टायपात असतात. ती वाचतो ज्याचा तोच, आणि तेही आपलं नाव राहिलं तर नाही ना एवढं बघण्यापुरती. या विषयात येऊ पाहणाऱ्यांनी त्या बारीक टायपापासून सुरुवात करावी. दमडीची अपेक्षा न ठेवता गावातली वजनदार माणसं साहित्याच्या उत्सवाला सल्ला का देतात, नेमका कसला देतात आणि त्यामुळे साहित्याचं बरं होतं की वाईट, याचा नीट अभ्यास व्हायला हवा. मंचावर बसलेल्यांवर आपण पुष्कळ लिहिलं. मांडव कुणी घातला ते विचारलं नाही.

हे पेठहून लिहितो आहे, म्हणून पेठचंच बघू. पुणे-नाशिक रस्त्याने खेडचा घाट चढून वर आलं की आंबेगाव तालुक्यातलं हे गाव लागतं. आजूबाजूला कुरवंडी, थुगाव, भावडी, पारगाव. सगळं मिळून सातगाव पठार. पठार बटाट्याचं. अशा ठिकाणी दोन दिवसांचं साहित्य संमेलन घ्यायचं म्हटलं, तर पहिला प्रश्न अध्यक्ष कोण हा नसतो, तारीख कुठली हा असतो. पावसाळा सरता सरता बटाट्याची काढणी असते. तेव्हा मांडवात कुत्रंही फिरकणार नाही. कार्तिक वद्य एकादशीला निम्मं गाव आळंदीला. पुढे लग्नसराई, आणि चैत्र लागला की गावोगावच्या यात्रा. या सगळ्यातून जो शनिवार-रविवार उरतो तो कुठला, हे मराठीच्या प्राध्यापकाला सांगता येत नाही. बाजार समितीतला अडत्या सांगतो.

कविसंमेलनाची वेळही तशीच. शहरात ते रात्री साडेनऊला सुरू झालं तर मैफल रंगली म्हणतात. इकडे जुन्नर वनविभागाचा सगळा टापू बिबट्यांचा. माणिकडोहला त्यांचं निवारा केंद्रच आहे. उसाच्या कडेने दुचाकीवर वस्तीला परतणाऱ्या श्रोत्याला रात्री अकराला सोडायचं का, याचं उत्तर पोलीस पाटलाकडे असतं. शेतीपंपाला थ्री-फेज लाईट रात्रीची असेल, तर शेतकरी श्रोता पाण्याची बारी धरायला उठून जाणार, हेही त्यालाच ठाऊक. कवींना वाटतं, लोकांना कविता कळत नाही.

यावरून माझं म्हणणं मांडतो. ग्रामीण भागातल्या संमेलनाचं सल्लागार मंडळ हे न्यायमूर्ती रानड्यांच्या परंपरेतून आलेलं नाही. ते यात्रा कमिटीतून आणि सप्ताहाच्या कमिटीतून आलं आहे. रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने ११ मे १८७८ रोजी पुण्यात हिराबागेत पहिलं ग्रंथकार संमेलन भरलं, ते ग्रंथकारांनी ग्रंथकारांसाठी भरवलेलं होतं. पंगत, मुक्काम, मानपान हे प्रश्न तिथे गौण होते. ज्या दिवशी संमेलन पुण्याबाहेर पडून गावोगाव पाहुणं म्हणून जाऊ लागलं, त्या दिवशी त्याला यजमान लागला; आणि यजमानकीचं शास्त्र गावाला आधीपासून येत होतं.

नारायणगावचं उदाहरण घ्या. यात्रांच्या हंगामाआधी तिथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गुढीपाडव्याच्या सुमाराला ठिकठिकाणचे यात्रा कमिटीवाले सुपारी द्यायला येतात. विठाबाई नारायणगावकरांचं हे गाव. राहुटीत बसून जो पंच फडमालकाशी घासाघीस करतो, त्याला कलावंतांची संख्या, गाड्यांचा खर्च, गेल्या साली कुठल्या गावात हुल्लड झाली आणि वगाला कोण उभं राहणार, सगळं तोंडपाठ असतं. अखंड हरिनाम सप्ताहात हाच माणूस, किंवा त्याचा चुलतभाऊ, सात दिवसांचे सात कीर्तनकार ठरवतो. कुणाच्या पाठीवर कुणाचं कीर्तन ठेवायचं, काल्याचं कुणाला द्यायचं, कुठल्या आळीने कुठल्या दिवशीची पंगत उचलायची. शेवटी पावतीपुस्तकं समोर ठेवून देवळात हिशेब वाचला जातो. संमेलनाच्या सल्लागारांत बसतो तेव्हा या माणसाला नव्याने काही शिकावं लागत नाही. कीर्तनकाराच्या जागी वक्ता आला, एवढंच.

आता याच परंपरेतला दोषही सांगितला पाहिजे. यात्रेत मान ठरलेला असतो: पालखीला पहिला खांदा कुणाचा, नारळ कुणाचा. तो मान संमेलनाच्या निमंत्रणपत्रिकेत उतरतो. एखादी जुनी पत्रिका हातात घेऊन खालून वर वाचा. सर्वांत वर आमदार-खासदार ‘प्रमुख मार्गदर्शक’ म्हणून, मग साखर कारखान्याचे संचालक, बाजार समिती, पतसंस्थेचे चेअरमन, सरपंच, आणि अगदी तळाला कुणी निवृत्त मुख्याध्यापक. नाव जितकं खाली तितकं काम जास्त, हा माझा ढोबळ आडाखा आहे. तो खोटा ठरवणाऱ्याचं स्वागत. बायकांचं नाव असलंच तर ‘महिला प्रतिनिधी’ म्हणून एक. दोन हजार माणसांचा स्वयंपाक उचलणाऱ्या बचत गटाचा पत्रिकेत उल्लेख नसतो, आभारप्रदर्शनात मात्र ‘माता-भगिनी’ असतात. पत्रिकेवरचं चित्रसुद्धा निरखून पाहावं. २०१३ साली चिपळूणच्या संमेलनात पत्रिकेवरच्या परशुरामावरून जो वाद पेटला, तो व्यासपीठावरच्या कुठल्याही परिसंवादापेक्षा जास्त गाजला. तिथलं यजमानपद १८६४ पासून चालत आलेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराकडे होतं. ग्रंथालयाने संमेलन बोलवावं यासारखी सुरेख गोष्ट नाही, पण पत्रिका छापायला जाण्याआधी ती कुणाकुणाच्या नजरेखालून गेली हा प्रश्न अशा वेळी सर्वांत महत्त्वाचा ठरतो.

या अभ्यासाचा पहिला कागद कुठला मानायचा? माझ्या मते तो एक नकार आहे. १८८५ च्या दुसऱ्या ग्रंथकार संमेलनाचं निमंत्रण रानड्यांनी जोतीराव फुल्यांना धाडलं. जोतीरावांनी यायचं नाकारलं आणि का येत नाही ते पत्राने खणखणीत कळवलं. ११ जून १८८५ च्या ‘ज्ञानोदया’त ते पत्र छापलं गेलं. शूद्रातिशूद्रांच्या हक्कांचा विचार ज्यांच्या सभेत होत नाही, त्यांच्या सभेशी आमचा मेळ बसायचा नाही, असा त्याचा आशय. साहित्य संमेलनाला कुणा समाजधुरिणाने फुकट दिलेला इतका मोलाचा सल्ला पुढे क्वचितच मिळाला, आणि तो मानला गेला नाही. जुन्नर-आंबेगावकरांना या पत्राचं अप्रूप वेगळ्या कारणानेही वाटावं. त्याच काळात जुन्नर तालुक्यातलं ओतूर सत्यशोधकांचं ठाणं होतं. भटजीला न बोलावता लग्न लावल्यावरून ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांना कोर्टाची पायरी चढावी लागली. गावचा पाटील नुसता मानाचा धनी नसतो, वेळ आली तर विचाराची किंमतही मोजतो, हे इथल्या मातीत दिसून गेलं आहे. त्याच ओतूरला पुढे अनिल अवचट जन्मले. दोन गोष्टींत कार्यकारणभाव आहे असं म्हणत नाही. पण असा शेजार नोंदवण्याचा मोह आवरत नाही.

पुढारी यजमान असावा की नसावा, हा वाद जुना आहे, आणि त्यावर एका दमात हो किंवा नाही म्हणणाऱ्यांनी कऱ्हाड वाचावं. डिसेंबर १९७५. आणीबाणी लागून सहा महिने झालेले. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, म्हणजे इंदिरा गांधींच्या मंत्रिमंडळातले परराष्ट्रमंत्री. अध्यक्ष दुर्गा भागवत. यजमान ज्या सरकारात मंत्री, त्या सरकारच्या मुस्कटदाबीविरुद्ध दुर्गाबाई त्याच मांडवात बोलल्या आणि आजारी जयप्रकाश नारायणांसाठी त्यांनी प्रार्थना करायला लावली. संमेलन उधळलं गेलं नाही, ध्वनिक्षेपक बंद पडला नाही. पुढे दुर्गाबाईंना अटक झाली, पण ती संमेलनात नव्हे. यजमानाने मांडव घालावा आणि मांडवात काय बोललं जाईल ते पाहुण्यावर सोडावं, ही रीत त्या दिवशी पाळली गेली. त्यामागे चव्हाणांचं वाचकपण किती, मुत्सद्दीपण किती आणि कऱ्हाडकरांची लाज किती, हे वेगळं काढून दाखवणारा प्रबंध मला वाचायला आवडेल.

याच्या उलटचं टोक यवतमाळ. जानेवारी २०१९ च्या संमेलनाच्या उद्घाटनाला नयनतारा सहगल यांना बोलावलं होतं. इंग्रजीत लिहिणारी लेखिका कशाला, अशी धमकीवजा हरकत आली आणि निमंत्रण मागे घेतलं गेलं. यजमान आणि साहित्य महामंडळ यांनी एकमेकांकडे बोटं दाखवली. महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद जोशी यांनी राजीनामा दिला. उद्घाटन केलं वैशाली येडे यांनी, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नीने. त्या फार नेमकं बोलल्या, हा भाग वेगळा. पण निमंत्रण मागे घ्या, हे वाक्य पहिल्यांदा कोण कुणाला म्हणालं? अशी वाक्यं इतिवृत्तात नसतात. ती फोनवर बोलली जातात, आणि ‘गावाच्या हिताचं सांगतो’ अशी त्यांची सुरुवात असते.

महाबळेश्वरचं प्रकरण आपल्या भागाला जास्त जवळचं. २००९ साली आनंद यादव रीतसर निवडून आलेले अध्यक्ष. ‘संतसूर्य तुकाराम’ या कादंबरीवर वारकऱ्यांनी आक्षेप घेतला, यादवांनी माफी मागितली, पुस्तक मागे घेतलं, तरी भागलं नाही. राजीनामा द्यावा लागला आणि संमेलन अध्यक्षाविना पार पडलं. ग्रामीण साहित्याची चळवळ ज्यांनी उभी केली, त्यांनाच गावच्या श्रद्धेने अडवलं. आमच्या पट्ट्यात तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी ओतूरला, ज्ञानोबांच्या रेड्याची आळ्याला. इथे सप्ताहाचा विणेकरी आणि ग्रंथालयाचा कार्यवाह पुष्कळदा एकच असतो. असा माणूस सल्लागार असता तर दोन्ही बाजूंना एका ओट्यावर बसवू शकला असता, असं वाटतं. की त्यानेच सर्वांत आधी दबाव आणला असता? मला दोन्ही शक्य दिसतात, म्हणूनच विषय अभ्यासाचा आहे.

पैशाबद्दल थोडक्यात. अखिल भारतीय संमेलनाचं सरकारी अनुदान कोटींवर गेलं आहे आणि बाकीचं उभं करायला स्थानिक वजन लागतंच. २०१० च्या पुण्यातल्या संमेलनात गुटख्याच्या नावाशी जोडलेल्या प्रायोजकावरून वादळ उठलं, तेव्हा कुणाचे पैसे घ्यायचे नाहीत हे सांगणारा सल्लागार किती मोलाचा असतो ते कळलं. १९९९ साली धारावीत सुरू झालेल्या विद्रोही साहित्य संमेलनाने एक मूठ धान्य आणि एक रुपया मागण्याचा मार्ग धरला. त्यातही वर्गणी मागणारा माणूस दारात ओळखीचा लागतो. जयपूरसारख्या महोत्सवांत संचालक कार्यक्रम ठरवतात आणि प्रायोजक पैसे देतात, तिथे गावाला विचारायची गरज पडत नाही. बेळगाव भागात मात्र कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, कुद्रेमनी ही खेडी वर्षानुवर्षं आपापली संमेलनं स्वतः भरवतात. सीमाभागात मराठी कार्यक्रमाची पोलीस परवानगी आणण्यापासून ग्रंथदिंडीत लेझीम कुठल्या शाळेची, इथपर्यंत सगळं गावकरीच बघतात. लोकाश्रय म्हणजे काय ते समजून घ्यायचं असेल तर जयपूरपेक्षा कडोली बरी.

नव्याने येणाऱ्यांना कामाच्या दोन-तीन गोष्टी. स्मरणिका ग्रंथालयात मिळते. पावतीपुस्तकं मिळत नाहीत, ती खजिनदाराच्या माळ्यावर असतात आणि दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जातात. तेव्हा दिवाळीआधी जावं. पावतीवर रक्कम असते, तशी मागे पेन्सिलीने लिहिलेली शेरेबाजीही असते: पुढच्या वेळी यांच्या मुलाला सत्कारात घेणे, वगैरे. बैठकीचं इतिवृत्त वाचताना ‘सर्वानुमते’ या शब्दावर थांबावं आणि त्या दिवशी गैरहजर कोण होतं ते बघावं. मुलाखत घेताना ‘तुमचं योगदान काय’ असं विचारू नये, भाषण ऐकावं लागतं. ‘तुमचा कुठला सल्ला ऐकला नाही’ असं विचारावं; माणूस खुर्ची पुढे ओढतो. मंचरच्या, नारायणगावच्या, घोडेगावच्या शाळांतून निवृत्त झालेले मास्तर आता सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांच्याकडे चहाला जाताना फोनमध्ये रेकॉर्डिंगला जागा ठेवावी आणि स्वयंपाकघरात असतील त्यांनाही बाहेर येऊन बसायला सांगावं, कारण पाहुणे साहित्यिक रात्री मुक्कामाला कुणाच्या घरी होते आणि जेवताना काय बोलले, ते बहुधा त्यांनाच आठवतं.